भाजीवाल्याबद्दल सांगणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, कर्णबधिर आहे. ओठ बघून तिला बरंच कळतं, पण शिकवणारा फळ्याकडे वळला की ओठ गेले. आणि व्हिडिओत बहुतेकदा माणूसच नसतो, नुसती स्लाइड आणि मागून आवाज.

आधी ज्या क्लासला फी भरली होती, तिथे दोनदा जाऊन म्हटलं, बोललेलं लेखी तरी द्या. "व्हिडिओ आहेत की, आवाज वाढवून बघा!" हे मला सांगितलं, कर्णबधिर मुलीच्या आईला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४२ वं कलम प्रिंट काढून नेलं होतं. सगळ्या माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळेल हे सरकारने बघायचं, असं त्यात स्पष्ट आहे. कागद त्यांच्या काउंटरवरच राहिला.

मग बोलणं अक्षरांत उतरवणारं ॲप घेतलं. त्याने 'आपाती किरण', म्हणजे येऊन पडणारा प्रकाशकिरण, त्याचं 'आपटे किरण' केलं. "आई, हा आपटे किरण कोण?" हसून झालं आणि मीच कानाला लावून, थांबवत थांबवत वहीत उतरवू लागले. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास. त्यात मी कॉमर्सची.

तुमचा 'प्रकाशाचे अपवर्तन' हा व्हिडिओ मिळाला आणि वही सुटली. वाक्यन्‌वाक्य खाली मराठीत, आकृती खाली आली की अक्षरं वर सरकलेली. एवढ्यासाठीही आभार मानले असतेच. पण मध्येच एका ठिकाणी तुम्ही बोलायचे थांबता. असं झालं की नेट गेलं समजून ही मोबाइल झटकायची. यावेळी खाली आलं : (बाहेर भाजीवाला ओरडतोय. तो जाईपर्यंत थांबलोय.)

तिने ते तीनदा मागे नेऊन वाचलं. परीक्षेत भाजीवाला येणार नव्हता, तुम्ही तेवढा भाग कापलात तरी कुणाची तक्रार नव्हती. पण बाकीच्या पोरांना जे ऐकू आलं ते हिलाही मिळायला हवं, हे तुमच्या मनात आलं. अशी माणसं अजून आहेत, सर. कलम दाखवावं लागत नाही त्यांना.

तिने तुम्हाला मेसेज करून विचारलं होतं, "काय ओरडत होता?" आठवत असेल. पुढच्याच व्हिडिओत आलं : (पुन्हा तोच. आज मेथी, शेपू.)

आमच्याकडे शेपू कुणी खात नाही. परवा तिने आणायला लावला.

तुमच्या एका विद्यार्थिनीची आई