सायकलफेरी सत्तरी तालुक्यातही आणा

संपादक महोदय,

मदतनिधीसाठीच्या सायकलफेऱ्या पणजीतल्या मिरामार-दोनापावलाच्या गुळगुळीत रस्त्यावरच कशाला? फेब्रुवारीत काजू मोहरतो तेव्हा साखळी-वाळपईचा डांबरी रस्ता आणि आतल्या जांभ्या खडीच्या वाटा जोडून एक फेरी काढा. माझा मुलगा या वाटांवर ४० मिलिमीटरचे रुंद टायर वापरतो, हवा थोडी कमी ठेवतो. मग चाक खडीवर घट्ट धरून चालते. उताराच्या वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबू नये, हे नवख्यांना आधीच बजावायला हवे. उजाडताच निघावे, दहानंतर ऊन सोसवत नाही. म्हादई अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी हवीच. जमलेल्या पैशांचा हिशेब मात्र वर्तमानपत्रात छापा. आमच्या गावची माणसे कष्टाचे पैसे देतात, ते कुठे पोचले हे त्यांना कळायलाच हवे.

एक वाचक, वाळपई