तलावाच्या वरच्या अंगाला

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, “आमच्या आराखड्यात तलावाच्या वरच्या अंगाचं थोडंसंच जंगल निवासी पट्ट्यात जातंय, आई. पाणी शुद्ध करायला तुमचं केंद्र आहेच की.” त्या ‘आहेच की’पाशी मी दोन दिवस अडकले आहे. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी काढली, म्हणून लिहिते. (फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, हेही एक कारण.)

एक उन्हाळा सांगते. कच्चं पाणी नितळ, गढूळपणा पाच एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत. किती तुरटी लागेल ते बघायला जार टेस्ट लावली. सहा चंचुपात्रं ओळीनं, प्रत्येकात तुरटीची मात्रा चढती, पाती संथ फिरतायत. दुसऱ्याच पात्रात फ्लॉक, म्हणजे गाळाचे पुंजके, छान धरला आणि खाली बसला. मी खुशीत तुरटी कमी करायला सांगितली. दुपारी शेष, म्हणजे पाण्यात शिल्लक उरलेला, क्लोरीन बघायला गेले, तर तो दाखवणारी गुलाबी छटा नळीत जेमतेम. क्लोरीन वाढवला, तासाभरानं पुन्हा तेच. क्लोरीन खाऊन टाकत होता पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन, कुजलेल्या पानापाचोळ्यासारख्या गोष्टींतून उतरणारा. तो डोळ्यांना दिसत नाही, गढूळपणाच्या मीटरलाही नाही. मी नितळपणाला भुलले होते.

क्लोरीन नुसता संपला असता तर आणखी घातला असता. पण तो या कार्बनशी जुळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनवतो, ट्रायहॅलोमिथेन. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी हे 1974 साली दाखवलं. ही संयुगं वर्षानुवर्षं पोटात गेली तर कर्करोगाचा धोका वाढू शकतो, म्हणून अमेरिकेनं 1979 मध्ये त्यांच्यावर लिटरला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. पुढे ती 80 वर आली. क्लोरीन बंद करावा तर कॉलरा, टायफॉइड दाराशी उभे. त्या दोन भिंतींमधल्या बोळातूनच आम्ही रोज चालायचो.

आता तू विचारशील, पानं तर जंगलातच कुजतात, मग घरं आल्यावर कार्बन कमी नको का व्हायला? प्रश्न बरोबर आहे, मलाही उत्तर उशिराच कळलं. जंगलाची माती पाऊस मुरवते, फॉस्फरस धरून ठेवते, पाणी हळूहळू सोडते. छपरं आणि डांबर काहीच धरत नाहीत. बांधकामाची उघडी माती, बागांचं खत, गळके शोषखड्डे, सगळं पहिल्याच जोरदार सरीबरोबर ओढ्यात. त्या मातीला चिकटून फॉस्फरस तलावात उतरतो आणि शेवाळ माजतं. मग कार्बन बाहेरून यायचीही गरज उरत नाही, तलाव स्वतःच तो तयार करतो. दुपारी हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू (पीएच) नऊच्या वर जातो आणि तुरटीचा जोर कमी पडतो. हे सगळं होतं ते नेमकं उन्हाळ्यात, पाणी कोमट असताना. कोमट पाण्यात ट्रायहॅलोमिथेनही लवकर बनतात.

म्हणून तलावाच्या पाण्याचा अंदाज काढणाऱ्या तुमच्या मॉडेलच्या वार्षिक सरासरीवर माझा विश्वास नाही. वर्षाची सरासरी साळसूद दिसते. लोक पाणी पितात ते त्या दिवसाचं. अंदाज महिन्यावार काढायला सांग, आणि तोही जॅकवेलपाशी, म्हणजे जिथून केंद्र पाणी उचलतं तिथला, तलावाच्या मध्यावरचा नाही.

शेवाळाचं टोक कुठवर जातं ते अमेरिकेतल्या टोलेडो शहरात दिसलं. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष शहराच्या पाण्यात आलं आणि चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळून प्या, असंही सांगता येईना, कारण उकळल्यानं ते विष जात नाही. त्या शेवाळाचं खाद्य मुख्यतः वरच्या शेतांतून वाहून आलं होतं. शुद्धीकरण केंद्र होतं तिथेही.

न्यूयॉर्कनं उलटा हिशेब केला. कॅटस्किल आणि डेलावेअर पाणलोटांचं पाणी गाळायला अब्जावधी डॉलरचं केंद्र बांधावं लागणार होतं. त्याऐवजी 1997 मध्ये वरच्या गावांशी करार करून शहरानं जमिनी विकत घेणं, गावांचं सांडपाणी सुधारणं, शेतकऱ्यांना मदत करणं यावर पैसा घातला. वरच्या लोकांची कुरकुर होतीच. आपली जमीन दुसऱ्यांच्या नळासाठी राखायची म्हटल्यावर कोण खूश होईल? तुझ्या आराखड्यातही हा प्रश्न येणार. त्यांच्याशी आधी बोल, नकाशा मग रंगव.

घरं बांधूच नका असं मी म्हणत नाही. माणसं राहणार कुठे? पण ‘किती’पेक्षा ‘कुठे’ हे बघ. तेवढीच घरं ओढ्याच्या काठावर आली तर एक गोष्ट, ओढ्यापासून लांब, मध्ये झाडांचा रुंद पट्टा ठेवून आली तर दुसरी.

नकाशा पाठवशील तेव्हा बारीकसारीक ओढेसुद्धा गडद निळे काढ, पावसाळ्यापुरते वाहणारेही. आणि छापून पाठव. मोबाइलवर मला काही दिसत नाही.

तुझी,
आई