समुपदेशकांच्या नेमणुका दीर्घ मुदतीच्या हव्यात

संपादक महोदय,

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यापासून गेली नऊ वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यात कर्जबाजारी शेतकरी कुटुंबांसाठी, विशेषतः कर्त्या पुरुषाच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या महिलांसाठी, समुपदेशनाचे काम करीत आहे. या क्षेत्रात यावे का, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा उत्तर देणे मला जड जाते. काम अवघड आहे हे मात्र त्याचे कारण नाही.

आमच्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही. डोके जड होते, झोप लागत नाही, जीव घाबरतो, अशी तक्रार घेऊन बाई आशाताईंबरोबर येते. पहिल्या दोन भेटींत ती औषध मागते, चौथ्या भेटीत सावकाराचा विषय काढते, आणि सासरची माणसे सातबाऱ्यावर तिचे नाव चढवू देत नाहीत हे त्याहीनंतर कधीतरी, निघता निघता बोलून जाते. नेमका अशाच वेळी माझा अकरा महिन्यांचा करार संपतो. मागच्या खेपेस नूतनीकरणाला दोन महिने लागले. मी परत गेले तेव्हा एका ताईंनी दार उघडले, चहा दिला, पण त्या बोलल्या नाहीत.

राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला आणि २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मदत मिळते, हे सारे मोलाचेच आहे. परंतु सातबाऱ्याची गोष्ट ओळखीच्या माणसालाच सांगितली जाते. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या चाचण्यांतून, मानसोपचाराची पदवी नसलेले पण नीट प्रशिक्षण मिळालेले समुपदेशकही नैराश्याच्या रुग्णांना बरे होण्यास मदत करू शकतात, हे दाखवून दिले. मात्र तेथे समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित करून, ती एकत्र ऐकून, त्यांवर चर्चा होत असे. आम्हाला महिनाअखेरीस भेटींच्या आकड्यांपलीकडे कोणी काही विचारत नाही, आणि दिवसभर ऐकलेले दुःख घेऊन आम्ही एकट्याच घरी जातो.

समुपदेशकाची नेमणूक किमान तीन वर्षांची असावी, अनुभवी तज्ज्ञाचे नियमित मार्गदर्शन मिळावे आणि समुपदेशक बदलावाच लागला तर जुन्या व नव्या व्यक्तीने महिनाभर घरभेटी एकत्र कराव्यात, एवढी तरतूद आरोग्य विभागाने येत्या अर्थसंकल्पापूर्वी करावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक समुपदेशक, यवतमाळ