सांगली-साताऱ्याच्या बोलीत रोज पाव तासाचे एक गाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातली. ३१ वर्षे अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. घरी दोन एकरांत आल्याचे पीक, थोडा वाघ्या घेवडा आणि तीन जनावरे. हे पत्र खरे तर आकाशवाणीच्या सातारा आणि सांगली केंद्रांसाठी आहे. पण ते आपल्याकडे पाठवते आहे, कारण त्यातले मागणे माझ्या एकटीचे राहू नये, चार जणांनी त्यावर बोलावे, असे मनापासून वाटते.

मागणे असे, की आपल्या भागातल्या एका गावाची श्रुतिका रोज पाव तास लागावी. तेरा भागांत आटोपणारी नको. वर्षानुवर्षे चालणारी हवी.

हे डोक्यात कुठून आले ते सांगते. लेक बर्मिंगहॅमला असते. तिच्या बाळंतपणाला मी २०२३ च्या नोव्हेंबरात गेले आणि मार्चपर्यंत राहिले. तिथे थंडीत दुपारी चारलाच दिवेलागण. शेजारच्या घरात एक आजीबाई एकट्या राहायच्या. बाळासाठी त्यांनी लोकरीचे मोजे विणून आणले होते, म्हणून संक्रांतीला आम्ही मायलेकी त्यांच्याकडे तिळाच्या वड्या घेऊन गेलो. दार उघडताच त्यांनी ओठांवर बोट ठेवले, दोन खुर्च्या पुढे ओढल्या. भांडी घासायच्या बेसिनशेजारी रेडिओ होता. सात वाजून गेले होते. ठेका धरायला लावणारी एक धून वाजली, कुठले तरी फाटक करकरले, आणि गाय हंबरली. मला इंग्रजी फारसे कळत नाही, पण गाय कळली. हातातली वडीची डबी तशीच धरून मी तेरा मिनिटे ऐकत बसले.

ती मालिका म्हणजे बीबीसीची ‘द आर्चर्स’. अँब्रिज नावाच्या गावाची गोष्ट. ते गाव नकाशावर नाही, पण १ जानेवारी १९५१ पासून साऱ्या इंग्लंडात ऐकू येते. त्याआधी १९५० मध्ये काही भाग त्यांच्या मध्य भागापुरते लावून बघितले होते. युद्धानंतर तिथेही रेशन होते, धान्य-दूध वाढवायचे होते, आणि नव्या पद्धती शेतकऱ्यांपर्यंत पोचवायच्या होत्या. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमलाच शेतकरी आणि अधिकारी यांची बैठक बसली. तिथे एका शेतकऱ्याने सुचवले, की त्या वेळी रेडिओवर गाजत असलेल्या हेराच्या मालिकेसारखे काही तरी शेतीचे करा, म्हणजे लोक कान टवकारून ऐकतील. गॉडफ्रे बेझली या निर्मात्याने ते मनावर घेतले. आज मालिकेचे २० हजारांहून जास्त भाग झाले आहेत. फिल आर्चर या शेतकऱ्याचे काम नॉर्मन पेंटिंग यांनी १९५० पासून २००९ मध्ये मरेपर्यंत केले. एका माणसाची तरण्या पोराची उमर आणि त्याचे म्हातारपण, दोन्ही एकाच आवाजात लोकांनी ऐकले.

लेक हे सगळे मला सांगत होती तेव्हा मी म्हटले, आपल्याकडे रेडिओवरच्या श्रुतिकेत टेकाडे भावजी आणि मीना वहिनी नव्हते का! होतेच. अख्ख्या महाराष्ट्राने त्यांना आपले मानले. पण ते घर मुंबईचे होते. त्यात शेण नव्हते, शेताला पाळीने मिळणारे पाणी नव्हते, बांधाची भांडणे नव्हती.

खरी गंमत मला पुढच्या रविवारी कळली. रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग एका दमात लागतात. ते ऐकायला आजींच्या दोन मैत्रिणी यायच्या. मालिका संपली की चहा व्हायचा आणि मग वाद. इतका वाद, की मला वाटले आता या बायका परत तोंड बघणार नाहीत. आणि पुढच्या रविवारी तिघी पुन्हा हजर.

एकदा वाद निघाला वीसेक वर्षांमागच्या एका जुन्याच भांडणावरून. फिल आणि जिल या नवराबायकोची ब्रुकफील्ड नावाची शेती आणि चार मुले. राबणारा एकच, डेव्हिड. बाकीच्यांच्या वाटा वेगळ्या. मग जमीन चौघांत वाटायची, की कसणाऱ्याला द्यायची? तुकडे केले तर शेती मोडते, न केले तर बाकीच्यांना काय? धाकटी एलिझाबेथ उघड बोलली, की माझ्यावर अन्याय होतोय. आजी डेव्हिडच्या बाजूच्या, दोघी मैत्रिणी एलिझाबेथच्या. लेक भाषांतर करून सांगत होती. मध्येच आजींनी माझ्याकडे वळून विचारले, तुमच्याकडे काय करतात?

संपादक महाराज, मी हक्कसोड दिलेली, म्हणजे माहेरच्या जमिनीतला वाटा सहीने सोडलेली बाई आहे. वडील गेल्यावर दिवसकार्य झाले आणि तिसऱ्या आठवड्यात भाऊ न्यायला आला. तालुक्याच्या कचेरीत गर्दी होती. मला सही येत असून अंगठाही घेतला. निळी शाई तीन दिवस नखाच्या कडेला राहिली. भाकरी थापताना सारखी नजर तिथे जायची. भावाने घडीची साडी दिली. आई म्हणाली, “म्हायेर तुटू नये म्हनून द्यायची असती गं सही.” भाऊ वाईट नाही. दर दिवाळीला येतो, अडीनडीला धावतो. पण “ताई, तुझी मर्जी काय” हे एक वाक्य त्या दिवशी मला कुणी विचारले नाही, आणि मीही कधी कुणाजवळ बोलले नाही. कायद्याने मुलीला समान वाटा आहे, हे अंगणवाडीत बायकांना सांगणारी मीच!

तिथे, परक्या मुलखात, एलिझाबेथच्या निमित्ताने मी ते पहिल्यांदा तोंडातून काढले. लेक भाषांतर करता करता थांबली. तिलाही ठाऊक नव्हते. रात्री बाळाला तेल लावताना म्हणाली, “आई, आपल्या घरी असं नाही होणार. दादाशी मी बोलते.” बोललीही.

आमच्या गावात आज कुठल्याही घरात हा विषय काढा. भांडण लागेल, नाही तर सगळे गप्प होतील. पण रेडिओवरच्या एका बहिणीचा विषय काढा, म्हणजे पारावरची म्हातारी माणसेसुद्धा सांगतील, “तिनं का म्हनून सोडावं? तिचा बी बाप हुता की.” आपल्या घरचे उघडे न करता आपल्याच घरचे बोलता येते. अशी मालिका मागते आहे ती यासाठी. ऐकून झाल्यावर जे बोलणे होते, ते मला हवे आहे.

आणि हे आपल्याला नवे आहे असेही नाही. माझे माहेर खटाव तालुक्यातले, म्हणजे तेव्हाचा उत्तर सातारा जिल्हा. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावे निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २०. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायची. वडील तेव्हा शाळामास्तर. कंदिलाच्या उजेडात ते लिहून घ्यायचे. त्यांनी सांगितलेली एक आठवण माझ्या मनात पक्की आहे. एरवी चावडीवर ज्यांना पायरीशी बसवायचे, त्यातला एक जण एका रात्री कंपोस्टच्या खड्ड्यावर असा नेमका बोलला, की पुढच्या वेळी त्याला कुणी पायरीवर बसू दिले नाही, आत बोलावले. वडील हे सांगताना दर वेळी थोडे थांबायचे.

तो प्रयोग दहा आठवड्यांचा होता. संपला. अँब्रिज मात्र चालूच आहे. फरक कशाने पडला असेल याचा मी पुष्कळ विचार केला. तिकडे माहितीच्या आधी माणसे आहेत. शेतकऱ्यांना शिकवायचे हे काम तर त्यांनी १९७२ मध्ये अधिकृतपणे सोडून दिले. पण शेतीचा तपशील चुकू नये म्हणून शेतीतला जाणकार आजही लेखकांसोबत असतो. २००१ मध्ये त्यांच्याकडे लाळ-खुरकुताची मोठी साथ आली, लाखो जनावरे मारावी लागली. तेव्हा मालिकेतले ब्रुकफील्डही फाटक लावून बंद झाले. २०२२ मध्ये आपल्याकडे लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद पडले. आमच्या गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करून आम्ही नवराबायको रात्र रात्र बसत होतो. गाईच्या मानेवरची गाठ हाताला कशी लागते, ती फुटली की माशी बसू नये म्हणून काय काय करावे लागते, हे तेव्हा एखाद्या रेडिओवरच्या घराने आमच्याबरोबर सोसले असते, तर फार आधार वाटला असता. लस आणि सूचना बातम्यांत होत्याच. सोबत नव्हती.

विषयांना तर तोटाच नाही. आल्याचे घ्या. आमच्याकडे दर किलोवर नाही, गाडीवर बोलतात. गाडी म्हणजे ५०० किलो. दर चढला की साऱ्या गावाला आले लावायची घाई होते, पडला की बेण्याचे पैसे निघत नाहीत. त्यात व्यापारी जुने आले वेगळे आणि नवे वेगळे करून दर पाडणार. या एका गोष्टीवर सहा महिने मालिका चालेल. एकाने कंदकुजीच्या भीतीने आधीच काढले, शेजाऱ्याने राखून ठेवले, आणि दोघांच्या बायका एकाच बचतगटात! तिकडे तासगावात द्राक्षाची फळछाटणी झाली आणि पाऊस आला, की साऱ्या घराची झोप जाते. वाळव्यात, कराडात उसाची तोड कधी येणार याची वाट. तिशी ओलांडलेली, शेती करणारी पोरे, त्यांना मुलगी मिळत नाही. कृष्णाकाठी तर २०१९ चा पूर कोण विसरेल!

अजून एक गोष्ट सांगते, कारण अंगणवाडीत ३१ वर्षे बायकांचे चेहरे वाचले आहेत. ‘द आर्चर्स’मध्ये हेलन नावाच्या मुलीचा नवरा, रॉब. तो तिला मारताना सहसा ऐकू येत नसे. तिचे कपडे, तिच्या मैत्रिणी, तिचे पैसे, सगळे हळूहळू आपल्या हातात घेत गेला. दोनेक वर्षे श्रोते हे ऐकत होते आणि तळमळत होते. २०१६ मध्ये तिच्या हातून त्याच्यावर सुरी चालली, तेव्हा श्रोत्यांनी अशा बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एक लाख पौंडांहून जास्त वर्गणी जमवून दिली. टीव्हीवर सासू वाईट असते, तिच्यासाठी ढोल वाजतात. पण पोषण आहार न्यायला आलेली सून “ह्यांना इचारून सांगते” म्हणते आणि फाटकाबाहेर त्याची गाडी थांबलेली असते, हे फक्त आवाजातून नीट कळते. तिच्या त्या वाक्याआधीची थांबण्याची वेळ मी आजही ओळखू शकते.

पैसा कुठून येणार, असे म्हणतील. रेडिओला बंगला लागत नाही, दागिने लागत नाहीत. तिकडे कोकरू जन्मल्याचा आवाज ओल्या टॉवेलने आणि दह्याने काढतात, असे आजी सांगत होत्या. कोविडच्या काळात नट आपापल्या घरून एकट्याने बोलत होते, तरी मालिका आली. आणि कलाकार? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे मराठी नाटक उभे केले, त्या सांगलीत आवाज मिळणार नाहीत काय? लिहिणारा मात्र गावात राहिलेला असावा. बोली नुसती “हाय, नाय” करून होत नाही. खटावची बाई आणि शिराळ्याची बाई एकच राग वेगवेगळ्या शब्दांत काढतात, ते ज्याच्या कानाला कळते त्यानेच लिहावे.

वेळ माझ्या मते संध्याकाळी धारा काढायच्या वेळची ठेवावी. हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. मोबाइलवर आकाशवाणी लागते, गोठ्यातल्या खुंटीला लावून ठेवता येते. आठवडाभराचे भाग रविवारी सकाळी एकत्र लावावेत, आणि ग्रामपंचायतीने किंवा बचतगटाने एकत्र बसून ऐकायची सोय करावी. चहाचा खर्च आमचा बचतगट करील, बैठकीत तसे ठरवून घेतले आहे.

आवाज घ्यायला कुणी येणार असेल तर सकाळी साडेपाचला यावे. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तो आवाज टणटणीत असतो, बादली भरत आली की फेसात तो मऊ होतो. दोन्ही घ्यावे लागतील. आमची गाय नव्या माणसाला बुजते, पण मी शेजारी उभी राहीन.

आपली नम्र,
एक जुनी श्रोती
ता. कोरेगाव, जि. सातारा