बाई, तो आठ ओळींचा कागद जपून ठेवा

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख आहे, पण तिथे दोनच ओळी लिहिता आल्या आणि त्याही इंग्रजीत. तुम्ही मला जे शिकवलंत ते सगळं मराठीत. म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितेय.

कॉम्प्युटेशनल फायनान्समध्ये एम.एस्सी. करायला लंडनला जायचंय असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या घरात पैशाच्या आधी "हे असतं तरी काय?" हाच प्रश्न निघाला. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका ऑफिसात आम्हाला सांगितलं होतं, की नुसतं स्टॅटिस्टिक्सचं बी.एस्सी. केलेल्या मुलीने या वाटेला जाऊ नये, एमबीए बघावं. त्या रात्री मी खूप रडले. तुमच्या कानावर ते कसं गेलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही विश्रामबागेतून रिक्षाने आमच्या दारात हजर.

तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांना आमच्याकडे पेव म्हणतात, त्यावरूनच बाबांना विचारलंत, "हरिपूरला पेवात ठेवलेली हळद माणूस कधी काढतो हो?"

"भाव बरा वाटला की."

"बरा म्हणजे किती? आज काढली तर आजचा भाव हातात. थांबलं तर वाढेल, नाहीतर पडेल. हा थांबायचा हक्क त्याच्याकडे आहे, त्याची किंमत किती धरायची? तेच शिकायला चाललीय तुमची मुलगी."

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि २००५ सारखा पूर आला तर?" त्या वर्षी हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली, ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तुम्ही म्हणालात, "तेही त्याच हिशेबात धरावं लागतं." पुढच्याच आठवड्यात बाबांनी शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही केली. वायदा हा शब्द त्यांना नवा नव्हता, सांगलीत हळदीचे वायदे जुने. पण त्यांच्या मुलीचं शिक्षण त्यांच्याच पेठेतल्या भाषेत त्यांना समजावून सांगणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

मग सहा महिने रोज सकाळी साडेसहाला तुमचा व्हरांडा. "मला प्रोग्रॅमिंग येत नाही, ते तुझं तू बघ," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. मला अशाच हक्काची, म्हणजे ऑप्शनची, किंमत काढणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रावर उडी मारायची होती. तुम्ही मला १९०० सालच्या पॅरिसमध्ये नेऊन बसवलंत, कारण शेअरबाजारातल्या भावाची हालचाल गणितात बसवणारा लुई बाशलिएचा प्रबंध तेव्हाचा.

आणि ती नाण्याची सकाळ! अशा बेभरवशाच्या हालचालींच्या कॅल्क्युलसचं, इतो या जपानी गणितज्ञाचं सूत्र माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. नेहमीच्या कॅल्क्युलसमध्ये बारीक फरकाचा वर्ग आपण सोडून देतो, मग इथे का सोडायचा नाही? तुम्ही एक रुपया काढलात. छापा आला तर ०.१ वर, काटा आला तर ०.१ खाली, असं शंभर वेळा. मी कुठे पोचेन ते नाण्यावर, पण प्रत्येक पावलाचा वर्ग ०.०१, आणि शंभर वर्गांची बेरीज १. मग पावलं दहा हजार केली आणि प्रत्येक पाऊल ०.०१ चं. वर्ग ०.०००१, बेरीज पुन्हा १. पावलं कितीही बारीक करा, ती बेरीज हलत नाही! "जे शून्याकडे जातच नाही ते टाकणार कसं?" असं म्हणून तुम्ही चहा ठेवायला आत गेलात. मी तिथेच वहीकडे बघत बसले. पुढे लंडनला तासाला हेच फळ्यावर दहा मिनिटांत उरकलं गेलं, आणि वर्गातली इंजिनिअर मुलं माझ्याकडे शंका विचारायला आली.

लंडनच्या पहिल्या सत्राबद्दल फोनवर सगळं सांगून झालंय. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने रडवलं, थंडीने त्याहून जास्त. ते जाऊ दे.

जुलैमधलं मात्र सगळ्यांसमोर सांगायचंय. मी प्रबंधाला अमेरिकन ऑप्शन घेतला होता, म्हणजे ठरलेल्या भावाने विकायचा (किंवा घ्यायचा), मुदत संपेपर्यंत कधीही वापरता येणारा हक्क. पेवातल्या हळदीला ठरलेला भाव नसतो, तेवढा फरक सोडला तर प्रश्न बाबांचाच. तो सोडवायची लाँगस्टाफ आणि श्वार्ट्झ यांची २००१ ची रीत मी वापरत होते: भावाचे हजारो काल्पनिक मार्ग तयार करायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची किंमत रिग्रेशनने, म्हणजे सगळ्या मार्गांच्या आकड्यांतून सरासरी अंदाज बांधून, काढायची. माझं उत्तर सारखं जास्त येत होतं. चार दिवस मी कोड चाळत होते, चूक काही सापडेना. शेवटी तुम्हाला फोन केला. लंडनला रात्रीचा एक, सांगलीला पहाटेचे साडेपाच. तुम्ही म्हणालात, "हजारो मार्ग सोड. हाताने करता येतील एवढे घे."

त्यांच्या पेपरातच आठ मार्गांचं उदाहरण आहे. आजचा भाव १, विकायचा ठरलेला भाव १.१०, व्याज सहा टक्के, तीन वर्षांत तीन संधी. उत्तर ०.११४४. त्याच आकड्यांवर माझा कोड ०.१२४३ देत होता. आकडे मी तुम्हाला पाठवले आणि डोकं टेबलावर टेकलं, ती थेट सकाळी उठले. तोवर तुमच्या कागदाचा फोटो येऊन पडला होता. प्रत्येक मार्गाची एक अशा आठ ओळी, रिग्रेशनची (लीस्ट स्क्वेअर्सची) अख्खी मांडणी साध्या कॅल्क्युलेटरवर केलेली, आणि खाली ०.११४४.

सातव्या ओळीला तुम्ही लाल पेनाने गोल केला होता. पहिल्या वर्षी भाव ०.९२. हक्क वापरून विकलं तर १.१० वजा ०.९२, म्हणजे ०.१८ मिळतात, थांबण्याची अंदाजी किंमत ०.११७५. म्हणजे विकायला हवं. माझा कोड मात्र थांबत होता आणि दुसऱ्या वर्षी भाव ०.८४ झाल्यावर ०.२६ घेत होता. बाजूला तुम्ही लिहिलं होतं: "याला पुढच्या वर्षीचा भाव आधीच कोणी सांगितला?"

पाच मिनिटांत चूक हाती लागली. रिग्रेशनच्या अंदाजाशी तुलना करायच्या जागी मी त्याच मार्गावर पुढे प्रत्यक्ष मिळणाऱ्या रकमेशी करत होते. एका ओळीत चुकीचं व्हेरिएबल. कोडची एक ओळही वाचता येत नसताना ती तुम्ही सांगलीत बसून पकडलीत.

आता नोकरीत रोज मॉडेल तपासते. कुठलंही नवं मॉडेल समोर आलं की आधी पाच-सहा ओळी कागदावर हाताने करते. शेजारचे विचारतात, ही सवय कुठली? मी विश्रामबाग सांगते. त्यांना ते लंडनचंच एखादं कॉलेज वाटतं, आणि मग मला तुमच्याबद्दल सांगायला मिळतं.

दिवाळीला येतेय. बाबांनी तुमच्यासाठी राजापुरी हळद काढून ठेवलीय. प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन येईन, आणि तो कागद मागून नेईन. फोटो माझ्याकडे आहे, पण मला तुमच्या हातचा मूळ कागद हवाय, लाल गोलासकट.

तुमची विद्यार्थिनी