धाकट्याला सांगू की नको

देवगड, श्रावण

प्रिय बंड्या,

पत्र पोचलं. तू जमिनीच्या वाटपाचा अर्ज करणार, पण धाकट्या भावाला कळू द्यायचं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. खोटं नाही ते. तुझ्या लग्नात त्याने घातलेला घोळ मी विसरलेलो नाही. तरी आमच्या आंब्याच्या बागेतलं ऐक आधी.

दोन वर्षांपूर्वी वाशीच्या दलालाने आम्हाला पेटीमागे किती दिले ते शेजाऱ्याला कळलं. संशय गड्यावर. तेव्हापासून बाबांनी त्याच्यापुढे बागेचं बोलणंच टाकलं. गेल्या जुलैत तो चार दिवस घरी गेला, तेवढ्यात आम्ही दोघांनी विहिरीकडच्या सतरा कलमांना कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणायचं औषध, घालून घेतलं. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, मीटरला 3 मिली औषध, पाण्यात कालवून बुंध्याभोवती पहारीने पाडलेल्या 10-12 भोकांत ओतायचं, वर माती. त्यात असा पाऊस लागला की दोन दिवसांत भोकांचा मागमूस नाही.

गडी परतला. 15 ऑगस्ट जवळ आला, म्हणजे कल्टार घालायची मुदत संपत आली, आणि मालक गप्प. म्हातारा विसरला, असं त्याने धरलं. मांगरात, बागेतल्या खोपीत, बाटली उरलेली होती. आम्ही कणकवलीला गेलो त्या दिवशी त्याने त्याच सतरा कलमांना पुन्हा घातलं, आणि संध्याकाळी कौतुकाने सांगायला आला. बाबा चहाची बशी हातात धरून नुसते बघत राहिले.

हे औषध मातीतून लवकर जात नाही. यंदाची पालवी बघ येऊन. वीतभर कोंब यायचे तिथे चार बोटं, पानं झुबक्यासारखी दाटलेली.

मग भांडणात त्या पेटीच्या दराचा विषय निघाला. गड्याने सरळ कबूल केलं. म्हणाला, "माका कोणी सांगलेलां काय, बोलू नको म्हणान?" खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. वर हेही कळलं की वानरं फणसाकडच्या दगडी गडग्यावरून बागेत शिरतात हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. आम्ही बोलत नाही, तर तो तरी कशाला बोलेल?

बाबा अजून म्हणतात, माणूस बेभरवशाचा. असेलही. बाटलीवर तारीख आणि झाडांचे आकडे मात्र आता मी खडूने लिहून ठेवतो, त्याला दिसतील असे.

तुझ्या धाकट्याचं नाव सातबाऱ्यावर आहे ना? मग तहसीलदाराची नोटीस त्याला जाणारच. तुझ्याकडून कळायचं की पोस्टमनकडून, एवढंच तुझ्या हातात आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या