काही नाही गं, किरकोळ!

कोल्हापूर,
शुक्रवार, रात्री साडेदहा

प्रिय ठमे,

गेल्या महिन्यात लग्नाच्या हॉलात, बँड कानठळ्या बसवत असताना, तू माझ्या कानाशी येऊन ओरडलीस, "तोंडाला काय लावतेस गं हल्ली?" आणि मी म्हणाले, "काही नाही गं." धादांत खोटं. घरी येईपर्यंत जिवाला लागून राहिलं. पन्नाशी आली, तुझ्याशी कसली चोरी?

तुझा दादा रविवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघतोय. त्याच्याकडे एक कापडी पिशवी दिलीय. "काय आहे यात?" म्हणाला. "पापड," म्हणाले. पिशवीच्या वासावरून त्याला कळायचं ते कळेलच. तुला कशाचं काय करायचं ते कळावं म्हणून हे पत्र.

(आणि हो, पत्रात मी 'आले-गेले' लिहितेय. तोंडात अजून आपलं कोल्हापुरी 'मी आलो, मी गेलो'च आहे. डोंबिवलीत तुझं सुटलं म्हणे! अंबाबाई बघून घेईल तुला.)

आधी आईच्या वहीचं सांगते. ती गेल्यावर ट्रंक आवरताना तिच्या घरखर्चाच्या वह्या निघाल्या. दळण, रॉकेल, दूध, फी, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ: 'किरकोळ'. पुढे आकडा. वडिलांनी कधी विचारलं नसणार. मला मात्र ते किरकोळ काय होतं हे माहीत होतं. ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवलेली म्हैसूर सँडल साबणाची वडी. बंगळूरच्या शंभरावर वर्षं जुन्या कारखान्यातला तो चंदनाच्या तेलाचा साबण आमच्या घरी अंगाला कमी आणि साड्यांनाच जास्त लागला. न्हायच्या दिवशी ती वडी बाहेर काढायची, तोंडावरून एकदा फिरवायची, कोरडी करून परत घडीत. चोरी केल्यासारखी. आणि मीही लग्नानंतर पंचवीस वर्षं माझ्या वहीत 'किरकोळ'च लिहीत आले. या जानेवारीपासून सोडलं. आता सरळ लिहिते, 'अत्तर'. पहिल्यांदा लिहिताना हात जरा अडखळला, खोटं कशाला सांगू. यांनी वही चाळली, चष्मा वर केला, आणि "बरं" म्हणाले. बास, एवढंच. यासाठी पंचवीस वर्षं!

पिशवीत सगळ्यात वर सनस्क्रीनची ट्यूब आहे. बाकीचं सगळं हौसेचं, ही एकटी कामाची. धाकट्याच्या वेळेपासून माझ्या गालांवर वांगाचे डाग होते, तुला आठवत असेल. त्यावर मी काय काय केलं! आठ वर्षांपूर्वी एका पार्लरवालीनं (कुठली ते विचारू नकोस) पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत मलम दिलं. झाकणावर ना नाव ना गाव. "घरी बनवतो ताई, रात्री लावा." पंधरा दिवसांत असा उजेड पडला की जिन्यात बायका थांबवून विचारायला लागल्या. दोन महिन्यांनी डबी संपली, नवी आणायची राहिली, आणि चौथ्या दिवशी चेहरा तव्यासारखा तापला. उन्हात गेलं की लाल, फोडणीपुढे उभं राहिलं की लाल. हनुवटीवर पुळ्या, गालांवर बारीक लव. त्वचेच्या डॉक्टरांनी रिकामी डबी हातात घेऊन उलटसुलट केली आणि एवढंच विचारलं, "किती दिवस लावलं?" त्यात स्टेरॉईड असणार, म्हणाले. अशा बिननावाच्या गोरं करणाऱ्या मलमांत ते बऱ्याचदा असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, आणि थांबवलं की सगळं उलटतं. निवळायला वर्ष गेलं. त्या वर्षात कपाटाच्या आरशावर मी ओढणी टाकून ठेवली होती. तू फोनवर विचारलंस, "आवाज का असा?" तेव्हाही मी "काही नाही गं"च म्हणाले होते.

तेव्हापासून या घरात नियम आहे, ज्या डबीवर नाव नाही ती तोंडाला नाही. सुनेलाही सांगून ठेवलाय.

तर सनस्क्रीन. त्याच डॉक्टरांनी लावायला लावलं. रंगाची छटा असलेलं मुद्दाम घेतलंय. वांगाला नुसतं ऊनच नाही, साधा डोळ्यांना दिसणारा उजेडही बाधतो, आणि तो अडवायला त्यातलं आयर्न ऑक्साईड लागतं. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा ३० असेल तर सुमारे ९७ टक्के भाजणारे किरण अडतात, ५० असेल तर ९८. म्हणजे आकड्यांत एका टक्क्याचा फरक. खरा फरक पडतो तो किती लावतेस त्यात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढायची. तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. आपण बायका वाटाण्याएवढं घेतो आणि मग म्हणतो उपयोग नाही. बाहेर फिरत असलीस तर दोन तासांनी परत. डब्यातली भाजी शेजारणीला वाढतेस तसं हे वाढू नकोस कुणाला, महाग आहे.

त्याखाली काचेची बरणी. उटणं, घरचं. दिवाळीपुरतं न ठेवता मी ते दर रविवारी काढते. काष्ठौषधीच्या दुकानातून आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला-कचरा, चंदनाची पावडर आणि संत्र्याच्या साली आणल्या. घरात वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या होत्या. सगळं गच्चीवर परत एकदा वाळवलं, कुटलं, आणि यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केलं. ते काम बघण्यासारखं असतं. पातेल्याच्या तोंडाला कापड ताणून बांधायचं, वर मूठभर भुकटी, आणि बोटांनी नुसतं गोल गोल. खाली पडतं ते दिसतही नाही, इतकं बारीक, आणि तासाभरानं फडकं सोडलं की पातेल्यात पिवळसर गालिचा. नाकात वास चार दिवस राहतो. वर जो चोथा उरतो तो फेकत नाही, पाय घासायला ठेवते. शेवटी मसूरडाळीचं पीठ मिसळलं.

याने गोरंबिरं काही होत नाही हां. माझी आजी जन्मभर उटणं लावून सावळीच गेली, आणि देखणी होती. अंग मऊ होतं, वास येतो, आणि न्हाणीघरातून बाहेर येताना उगाचच आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. साईत कालव आणि ओलं असतानाच हलक्या हातानं काढ. वाळवून खरवडू नकोस. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस बघ. तुझी कातडी भांडकुदळ आहे, शाळेपासून. आणि त्यात लिंबू पिळायची बुद्धी झाली तर मला फोन कर, मी ओरडते. लिंबाचा रस लागलेला असताना उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात.

शिकेकाई पाठवलेली नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात मी स्वतःच आता शाम्पू वापरते, तुला कुठल्या तोंडानं सांगू? आणि केस काळे करणार असशील तर ती 'काळी मेंदी' नको. मेंदी लालच असते, काळी करायला त्यात बहुधा रंगाचं रसायन असतं आणि ते अनेकींना सोसत नाही.

काजळ लॅक्मेचं आहे, कॉलेजात दोघींत मिळून एक घ्यायचो तेच. तुला एक गंमत माहीत आहे का? १९५२ साली टाटांनी ही कंपनी काढली, आणि लॅक्मे म्हणजे फ्रेंच वळणानं लक्ष्मीच! म्हणजे आपण दोघी महाद्वार रोडवर उभं राहून, देवळाकडे पाठ करून, दुकानाच्या काचेत बघून डोळ्यांत घालत होतो तीही तीच. डोंबिवलीच्या घामात ओघळेल, तेव्हा खालच्या पापणीखाली बोटाच्या टोकानं जरा पावडर टेकव.

आता ती इवलीशी बाटली, जी तू आत्ताच उघडून बसली असशील. मातीचं अत्तर. कनौजला करतात. भाजलेल्या मातीच्या ढेकळांवर पाणी घालून तांब्याच्या डेगीत चढवायचं, तोंड मातीनं लिंपायचं, खाली विस्तव, आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती जमा होते त्या भांड्यात, जिथं आधीच चंदनाचं तेल असतं. तेलानं तो वास धरून ठेवायचा. परवा इथं पहिला वळीव झाला. चार वाजता आभाळ काळं झालं, पत्रे वाजले, पोरं गारा वेचायला धावली. मी दारात उभी राहून मुद्दाम बाटली उघडली, म्हटलं ताळा करून बघू. शप्पथ सांगते, बाहेरचा कुठला आणि बाटलीतला कुठला, सांगता येईना. तुझ्या नवव्या मजल्यावर माती कुठली येणार! म्हणून. अंगावर फवारायची गोष्ट नाही ही. कापसाचा फाया कर, एक थेंब, आणि आजोबा ठेवायचे तसा कानाच्या पाळीच्या वरच्या घडीत ठेव. लोकलमध्ये कुणाला कळणार नाही, तुला मात्र ठाण्यापर्यंत पाऊस.

कागदात गुंडाळलेला मेणासारखा गोळा खाऊ नकोस, कोकमतेल आहे. गगनबावड्याच्या खालून, कोकणातून येतं. टाचांच्या भेगांसाठी. रात्री पाय धुऊन, किंचित गरम केलं की वितळतं, ते भेगांत सोडायचं आणि जुने मोजे घालून झोपायचं. मोजे घालून झोपलेली बायको बघून भाऊजी हसले तर हसू देत. आठवडाभर कर, कारण पिशवीच्या तळाशी जे आहे ते घालायला पाय नीट हवेत.

चप्पल. सहा नंबर, अजून तोच असेल असं धरलंय. गेल्या वर्षी जूनमध्ये मिलानच्या त्या प्राडावाल्यांनी आपली चप्पल फॅशन शोत चालवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा इथं काय पेटलं होतं म्हणून सांगू! रिक्षावालेसुद्धा जीआयवर, म्हणजे मालाला आपल्या भागाचं नाव लावायच्या हक्कावर, बोलत होते. २०१९ पासून तो आहे, आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, दोघांना मिळून. नंतर प्राडानं मान्य केलं म्हणा. मी त्या रागात चप्पल लाईनीत गेले आणि स्वतःला एक जोड घेतला. राग काढायची ही पद्धत मला फार मानवली, म्हणून यंदा तुझ्यासाठी. संध्याकाळी जाऊन घेतली, कारण दिवसभर चालून पाय जरा सुजतात आणि माप खरं कळतं. तुझा पाय नव्हता, माझाच घालून बघितला. पहिले आठ दिवस चावेल. अंगठ्याला तेल लाव, वादीला तेल लाव, घरातल्या घरात घाल. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आहे, पाण्याचं त्याच्याशी वाकडं. तुमच्या जुलैत बाहेर काढलीस तर मेलीस.

पिशवीत न मावलेलं एक राहिलं. गंगावेशीचा दूध कट्टा. रात्री नऊनंतर आम्ही दोघं जातो, महिन्यातून एकदा. समोर म्हशीची धार, फेसाचा ग्लास, आणि यांच्या मिशीवर दुसरी मिशी. डॉक्टर म्हणतात दूध तापवून प्यावं. बरोबर आहे त्यांचं. एवढ्या एका बाबतीत मी ऐकत नाही.

आणि गजरा. केस तर मी दोन वर्षांपूर्वी मानेपर्यंत कापले, तुला माहीत आहे. तरी शुक्रवारी देवळातून येताना हातभर गजरा घेते. ती फुलवाली पहिल्या वेळी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "कुठं माळणार ओ वैनी?" मी अॅक्टिव्हाच्या हँडलला गुंडाळला. आता ती विचारत नाही. बांधूनच ठेवते. घरी आलं की उशाशी. आत्ता हे लिहितानाही वहीशेजारी पडलाय, कडा तपकिरी व्हायला लागल्यात आणि वास दुप्पट झालाय.

बरणी आईची आहे, परत पाठव. रिकामी पाठवलीस तर तुझी खैर नाही. आणि दादानं विचारलं, पापड कसे होते, तर 'कुरकुरीत' म्हणून सांग.

तुझीच,
तू ठेवलेल्या नावाची,
भवानी